ऑपरेशनआधीच्या स्कॅनवरून लिव्हरच्या गाठीचा ‘एमव्हीआय’ सांगता येतो का? रिपोर्टात ०.७२ आलं आहे

निळी_वही

नमस्कार. बाबांच्या लिव्हरमध्ये गाठ सापडली आहे. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे एचसीसी. वय ६३. हिपॅटायटिस बी जुना आहे, त्याची गोळी नियमित चालू आहे. गाठ एकच, ४.२ सेंटीमीटरची, लिव्हरच्या सेगमेंट ६ या भागात. मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, लिव्हरच्या बाहेर काही नाही. एएफपी, म्हणजे लिव्हर कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो मार्कर, १८०. सर्जननी ऑपरेशन ठरवलं आणि आम्हीही मनाची तयारी केली होती.

पण रिपोर्टसोबत एक जादा पान आलं. वर ‘रेडिओमिक्स विश्लेषण’, खाली दोन रंगीत चित्रं आणि एक ओळ : एमव्हीआय संभाव्यता ०.७२, उच्च जोखीम. सर्जन म्हणाले, “गाठ थोडी आक्रमक असू शकते, त्या हिशेबाने जरा जास्त भाग काढू.” ते राउंडवर होते, आणखी विचारता आलं नाही. बाबांनी मात्र ते पान वाचलं. त्यांनी असा अर्थ काढलाय की कॅन्सर ७२ टक्के पसरला आहे. मग ऑपरेशनचा उपयोग काय, असं म्हणून ते गप्प बसून राहतात. मी समजावते, पण मलाच पुरतं कळलेलं नाही.

हा एमव्हीआय म्हणजे नेमकं काय? कॉम्प्युटरला तो स्कॅनमध्ये दिसतो का? बायोप्सी करून एकदाची खात्री का करून घेत नाहीत? आणि या आकड्यामुळे ऑपरेशनमध्ये खरंच काही बदलायला हवं का?

सावलीवाचक

मी रेडिओलॉजिस्ट आहे, लिव्हरचे सीटी आणि एमआरआय वाचणं हेच माझं रोजचं काम. बाबांच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या गाठीबद्दल निर्णय देणार नाही. पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी बाबांना हे सांगा : ०.७२ म्हणजे कॅन्सर ७२ टक्के पसरला, असं अजिबात नाही. त्यांच्यासारख्या गाठी असलेल्या शंभर जणांची ऑपरेशनं केली आणि काढलेल्या गाठी मायक्रोस्कोपखाली तपासल्या, तर साधारण बहात्तर जणांमध्ये एमव्हीआय सापडेल, असा तो अंदाज आहे. अंदाज बरोबर असला तरी उरलेल्या अठ्ठावीस जणांत तो नसतोच. आणि ज्यांच्यात सापडतो, त्यांच्यावरही ऑपरेशन हाच गाठ मुळापासून काढण्याचा मार्ग असतो. या आकड्यावरून ऑपरेशन रद्द करत नाहीत.

आता एमव्हीआय. मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन, म्हणजे गाठीच्या आसपासच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशींचे पुंजके शिरलेले असणं. या बहुतेक पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) शेवटच्या फांद्या असतात, कधी हिपॅटिक व्हेनच्या, कधी गाठीच्या कवचातल्या. हे फक्त मायक्रोस्कोपखाली कळतं. मोठ्या पोर्टल व्हेनमध्ये गाठ घुसली तर ती आम्हाला स्कॅनवर सरळ दिसते, त्याने आजाराचा टप्पाच बदलतो आणि उपचारही. बाबांच्या रिपोर्टात ते नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका, नातेवाइकांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

आता तुमचा खरा प्रश्न, कॉम्प्युटरला तो दिसतो का? नाही. मलाही दिसत नाही. लिव्हरच्या एमआरआयमध्ये एकेक काप साधारण तीन मिलिमीटर जाडीचा असतो आणि कापातला एक ठिपका मिलिमीटरभराचा. ज्या वाहिनीत हे पुंजके असतात ती बहुधा त्याहूनही बारीक. कितीही चांगलं मशीन आणा, ती वाहिनी चित्रात उमटत नाही. उमटतात ते तिच्या तुंबण्याचे आजूबाजूला झालेले परिणाम, आणि त्यावरून आपण अनुमान करतो.

हे परिणाम कसे दिसतात ते सांगते, कारण ते कळलं की त्या पानाची भीती बरीच कमी होईल.

निरोगी लिव्हरला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं, उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून. एचसीसीची गाठ मात्र मुख्यतः आर्टरीवर जगते. म्हणून कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर साधारण पस्तीस सेकंदांनी, आर्टेरियल फेजमध्ये, गाठ उजळते आणि पुढच्या फेजमध्ये आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळवंडते. इथपर्यंत झालं निदान. आता समजा, गाठीलगतच्या पोर्टलच्या बारीक फांद्या पेशींच्या पुंजक्यांनी तुंबल्या. त्या तुकड्याला पोर्टलचं रक्त कमी पडतं, ती तूट भरायला आर्टरीचं रक्त वाढतं. मग आर्टेरियल फेजमध्ये गाठीच्या बाहेर, कडेला चिकटून, एक उजळ पट्टा दिसतो, पुढच्या फेजमध्ये तो लिव्हरच्या रंगात मिसळून जातो. ही एक खूण.

दुसरी खूण एका खास कॉन्ट्रास्टने कळते, गॅडोक्सेटिक ॲसिडने. त्याचा साधारण निम्मा भाग लिव्हरच्या पेशी स्वतः शोषून घेतात आणि पित्तातून बाहेर टाकतात. इंजेक्शननंतर वीसेक मिनिटांनी चित्र घेतलं की चांगलं लिव्हर उजळ आणि गाठ काळी दिसते. पण गाठीलगतच्या ज्या पेशींचा रक्तपुरवठा बिघडला आहे त्या औषध नीट शोषत नाहीत. मग गाठीच्या काळ्या गोळ्याबाहेर एक वेडावाकडा, अर्धवट काळपट पदर राहतो. मी लिव्हरचा अभ्यास उघडला की आधी हीच फेज लावते आणि गाठीची कड वरच्या कापापासून खालच्या कापापर्यंत हळूहळू बघत जाते, आडव्या, उभ्या, समोरच्या, तिन्ही दिशांनी. एका दिशेने गुळगुळीत वाटलेली कड दुसऱ्या दिशेने कोंब फुटल्यासारखी निघते, हे फार वेळा होतं. आणि तीच तिसरी खूण : कड गुळगुळीत आहे की बाहेर फुगवटे आलेत.

यातल्या दोन किंवा तिन्ही एकत्र दिसल्या तर एमव्हीआय असण्याची शक्यता बरीच वाढते. एकही दिसली नाही म्हणून तो नाहीच असं मात्र म्हणता येत नाही. खुणा दिसल्या तर विश्वास ठेवण्याजोग्या आहेत, पण बऱ्याच एमव्हीआय असलेल्या गाठी त्या दाखवतच नाहीत. रेडिओमिक्स आलं ते ही उणीव भरून काढायला.

बायोप्सीबद्दल. सुई गाठीच्या आतला एक बारीक धागा काढून आणते. एमव्हीआय बसतो गाठीच्या कडेला आणि बाहेर, तोही सगळीकडे नाही. त्यामुळे बायोप्सीत तो न सापडण्याला फारसा अर्थ नसतो. शिवाय सुईच्या वाटेत पेशी रुजण्याचा धोका थोडा का होईना असतो. ज्याच्यावर ऑपरेशन होणारच आहे आणि ज्याचं निदान स्कॅनवर पक्कं आहे, त्याला फक्त यासाठी सुई टोचायला मी सुचवणार नाही.

ऑपरेशनमध्ये काय बदलतं? तुमच्या सर्जननी एका वाक्यात सांगितलं ते बरोबर आहे. पुंजके पोर्टलच्या फांद्यांतून जवळपास सरकतात, म्हणून गाठीभोवतीचा चांगला भाग किती काढायचा याला महत्त्व येतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत एकच गाठ असलेल्या १६९ रुग्णांमध्ये एक सेंटीमीटर आणि दोन सेंटीमीटर मार्जिनची तुलना झाली होती. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन सेंटीमीटरच्या गटात ७४.९ टक्के होतं, एक सेंटीमीटरच्या गटात ४९.१. दुसरा मार्ग म्हणजे ज्या पोर्टल फांदीवर गाठ बसली आहे तिचा सगळा प्रदेश, म्हणजे तो सेगमेंट किंवा शेजारचाही, एकत्र काढणं. पण हे सगळं मागे उरणारं लिव्हर पुरेसं आणि धड असेल तरच. हिपॅटायटिस बीमुळे लिव्हर कडक झालं असेल तर सर्जनला हात आखडता घ्यावाच लागतो. म्हणून त्यांना विचारायचा प्रश्न हा : “बाबांचं उरणारं लिव्हर किती आणि कसं असेल, आणि तेवढ्यात दोन सेंटीमीटर मार्जिन बसतं का?”

आणि आणखी एक : “हे मॉडेल कुठल्या स्कॅनवर शिकलं आहे, आणि आमचा कुठला स्कॅन त्याला दिला?” याचं उत्तर मिळाल्याशिवाय ०.७२ ला फार वजन देऊ नका.

आकडेमोड

सावलीवाचक डॉक्टरांनी शेवटी जो प्रश्न सुचवलाय त्याच्याबद्दल बोलतो. अशा मॉडेलच्या कोडवर मी काम केलं आहे, डॉक्टर नाही.

रेडिओमिक्समध्ये काय होतं? कुणीतरी, किंवा एखादं सॉफ्टवेअर, गाठीच्या कडेने रेघ आखतं. बहुतेक वेळा गाठीबाहेरचा पाच-दहा मिलिमीटरचा पट्टाही घेतात, कारण वर सांगितलेल्या खुणा तिथेच असतात. मग त्या भागातून शेकडो, कधी हजारावर आकडे काढतात : गोलाई किती, उजळपणा किती आणि कसा विखुरलेला, शेजारशेजारच्या ठिपक्यांचा एकमेकांशी मेळ कसा बसतो. या शेवटच्या प्रकाराचं गणित १९७३ पासूनचं आहे, नवीन नाही. त्यातले बहुतेक आकडे टाकून देतात, दहा-वीस ठेवतात, कधी एएफपी वगैरे जोडतात आणि एक शक्यता बाहेर येते.

अडचण अशी की हे आकडे फार हळवे असतात. रेघ दोन मिलिमीटर आत-बाहेर सरकवली, कापाची जाडी बदलली, कॉन्ट्रास्ट दहा सेकंद उशिरा पोचला, मशीनची कंपनी बदलली, की तीच गाठ वेगळे आकडे देते. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने १६९ वैशिष्ट्यांची व्याख्या आणि गणना एकसारखी करून दिली, त्याने किमान सॉफ्टवेअरमधला फरक आटोक्यात आला. मशीनमधला फरक अजून आहेच.

म्हणून विचारायचं की हे मॉडेल दुसऱ्या हॉस्पिटलच्या रुग्णांवर तपासलं आहे का. ज्या ठिकाणी शिकलं तिथल्याच रुग्णांवर गुण चांगलेच येतात.

दुसरं, ०.७२ ही खरी शक्यता आहे की नुसता गुणांक? बरीच मॉडेलं रुग्णांना क्रमाने लावण्यात हुशार असतात, म्हणजे कुणाला जास्त धोका, कुणाला कमी, हे त्यांना कळतं. पण त्यांनी ०.७ म्हटलेल्या शंभर जणांत खरोखर सत्तर निघतात का, हे वेगळं तपासावं लागतं. ते तपासलं नसेल तर ०.७२ चा अर्थ ‘वरच्या गटात’ एवढाच घ्यावा. डॉक्टरांनी वर ‘शंभरात बहात्तर’ सांगितलं ते ही तपासणी झाली आहे असं धरून.

एक हिशेब मांडतो, आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. शंभर रुग्ण, त्यातल्या तीस जणांत एमव्हीआय. मॉडेल असलेल्यांपैकी ८० टक्के पकडतं आणि नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडतं. म्हणजे तीसपैकी चोवीस पकडले. सत्तरपैकी चौदांना उगाच ‘उच्च जोखीम’ म्हटलं. एकूण अडतीस जणांच्या रिपोर्टवर ‘उच्च जोखीम’ छापून आलं, त्यातल्या चौदांत काहीच नव्हतं. उलट ज्या बासष्ट जणांना ‘कमी जोखीम’ म्हटलं त्यातले छप्पन्न खरंच मोकळे. चांगलं मॉडेलही असंच वागतं. बाबांना हा हिशेब कागदावर करून दाखवा, माझ्या अनुभवात माणसं आकड्याला घाबरतात पण मोजणीला घाबरत नाहीत.

सावलीवाचक

आकडेमोड, हिशेब उत्तम मांडलात, आणि शक्यता व गुणांक यातला फरक सांगितलात ते बरं केलंत. त्याला एक जोड देते. २०१९ मध्ये ४९५ रुग्णांच्या सीटीवर एक मोठा अभ्यास झाला. रेडिओमिक्स, रेडिओलॉजिस्टने डोळ्यांनी टिपलेल्या खुणा आणि रक्ताच्या तपासण्या एकत्र केल्यावर मॉडेलने फार छान कामगिरी केली. पण त्याच लेखकांनी हेही स्वच्छ लिहिलं की डोळ्यांनी दिलेल्या गुणांवर रेडिओमिक्सने जी भर घातली ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याइतकी नव्हती. मला तो निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. यंत्राला कमी लेखायचं म्हणून नव्हे. आमची खुणांची यादी ढोबळ असते, दोन रेडिओलॉजिस्टांचं ‘कड गुळगुळीत’ यावर एकमत होईलच असं नाही, आणि तिथे मोजणारं काहीतरी हवंच आहे. पण ते पान रेडिओलॉजिस्टच्या वाचनाशेजारी ठेवून वाचायचं असतं, एकटं नाही. दोघांचं म्हणणं जुळलं तर वजन वाढतं. न जुळलं तर फिल्म पुन्हा उघडायची.

याची सुरुवातही डोळ्यांपासूनच झाली हे थोडं अवांतर सांगते. २००७ च्या एका अभ्यासात लिव्हर कॅन्सरच्या सीटीवर माणसांनी टिपलेल्या २८ दृश्य वैशिष्ट्यांवरून गाठीतल्या जनुकांच्या वागणुकीचा ७८ टक्के नकाशा पुन्हा उभा करता आला होता. त्यातली दोन, गाठीच्या आत दिसणाऱ्या आर्टरी आणि कडेची काळपट वलयं नसणं, रक्तवाहिन्यांतल्या शिरकावाशी जोडलेली निघाली. बाहेरून दिसणारं रूप आतल्या स्वभावाबद्दल काही सांगतं, हे तेव्हा पहिल्यांदा एवढं ठळकपणे समोर आलं.

स्लाइडखाली

पॅथॉलॉजिस्टची बाजू कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो. ही मॉडेलं ज्याला ‘बरोबर उत्तर’ मानून शिकतात, ते उत्तर आमच्याकडून येतं. आणि आम्ही गाठीतून किती तुकडे घेतले यावर ते उत्तर बदलतं.

मोठी गाठ आली आणि तिचे दोन-तीनच ब्लॉक घेतले तर एमव्हीआय निसटू शकतो. म्हणून सात ठिकाणांची पद्धत आली : घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ वर, जिथे गाठ आणि लिव्हर भेटतात तिथून चार तुकडे, एक गाठीच्या आतून, एक गाठीपासून सेंटीमीटरच्या आतल्या लिव्हरमधून आणि एक त्याहून लांबून. हे किमान. मग प्रतवारी : एमव्हीआय नाही तर एम०, सेंटीमीटरच्या आत पाच किंवा कमी असतील तर एम१, पाचाहून जास्त किंवा सेंटीमीटरच्या पलीकडे असतील तर एम२. वेगवेगळ्या मालिकांमध्ये एमव्हीआयचं प्रमाण १५ पासून ५७ टक्क्यांपर्यंत सांगितलं गेलं आहे. रुग्ण वेगळे होते हे खरंच, पण तुकडे घेण्याची आणि ‘वाहिनीत शिरलंय’ म्हणण्याची पद्धतही वेगळी होती. कडेच्या बारीक फटीत पेशी दिसल्या की ती वाहिनी आहे की कापताना पडलेली पोकळी, यावर आमच्यातही मतभेद होतात. सीडी३४ चा रंग देऊन वाहिनीचं अस्तर शोधावं लागतं.

म्हणजे ज्या हॉस्पिटलात कमी तुकडे घेतात, तिथे शिकलेलं मॉडेल काही आक्रमक गाठींना ‘सौम्य’ समजून शिकलेलं असतं. ताई, तुम्ही एवढंच करा : ऑपरेशनच्या आधी सर्जनना विनंती करा की पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘स्कॅनवर एमव्हीआयची शक्यता जास्त’ असं स्पष्ट लिहावं. ती ओळ वाचली की आम्ही कडेचे तुकडे जास्त घेतो.

वळणवाट

आमच्याकडे यजमानांचं असंच ऑपरेशन झालं. आधी कसला आकडा नव्हता, नंतर पॅथॉलॉजीत एम१ आला. ताई, तुम्हाला आधी कळतंय ही चांगली गोष्ट माना. आम्हाला कळलं तेव्हा मार्जिन ठरून गेलं होतं. यजमान आज ठीक आहेत, स्कॅन वेळच्या वेळी करतो. वडिलांना हेही सांगा की एम१ आलेला माणूस रोज सकाळी फिरायला जातो.

एक विचारायचं होतं डॉक्टर. एमव्हीआय आला तर ऑपरेशननंतर काही औषध देतात का? तेव्हा आम्हाला नुसतं लक्ष ठेवू म्हणाले होते.

सावलीवाचक

वळणवाट ताई, छान वाटलं वाचून.

औषधाचं उत्तर : त्यासाठी एक मोठी चाचणी झाली, आयएमब्रेव्ह०५०. ऑपरेशन किंवा ॲब्लेशननंतर (सुई घालून गाठ जागेवरच नष्ट करणं) पुन्हा उद्भवण्याचा धोका जास्त असलेले रुग्ण त्यात घेतले होते, आणि जास्त धोका ठरवण्याच्या निकषांत एमव्हीआय होता. एका गटाला ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब दिलं, दुसऱ्यावर नुसतं लक्ष ठेवलं. २०२३ मध्ये पहिले निकाल आले तेव्हा औषधाच्या गटात गाठ परतण्याचं प्रमाण कमी होतं आणि सगळ्यांना हुरूप आला. पुढे रुग्णांचा आणखी काळ मागोवा घेतल्यावर तो फायदा टिकला नाही. त्यामुळे तुम्हाला ‘लक्ष ठेवू’ सांगितलं त्यात उपचार हातचा गेला असं मनात आणू नका. हिपॅटायटिस बीची गोळी मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडायची नाही, ती गाठ परत येण्याचा धोका कमी करते.

लक्ष ठेवण्यातही एमव्हीआयने फरक पडतो. पहिल्या दोन वर्षांत परत येणाऱ्या गाठी बहुतेक जुन्याच गाठीच्या उरलेल्या पेशींतून येतात, आणि एमव्हीआयचा संबंध मुख्यतः याच लवकर येणाऱ्या गाठींशी आहे. त्यानंतरच्या बऱ्याचदा आजारी लिव्हरमध्ये नव्याने तयार झालेल्या असतात. म्हणून धोका जास्त असेल तर पहिली दोन वर्षं स्कॅन जवळजवळ ठेवायचे आणि एकही चुकवायचा नाही. लहान गाठ परत सापडली तर पुन्हा ऑपरेशन, ॲब्लेशन, कधी प्रत्यारोपण, असे पर्याय हातात असतात.

प्रत्यारोपणाचं नाव निघालं म्हणून सांगते, एमव्हीआय आधी कळावा अशी सगळ्यांत जास्त निकड तिथे आहे. प्रत्यारोपण कुणाला करायचं हे ठरवणारे मझ्झाफेरोंच्या गटाचे १९९६ चे मिलान निकष स्कॅनवर मोजता येतात : एक गाठ पाच सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी तीन सेंटीमीटरपर्यंत. २००९ मध्ये त्याच गटाने मर्यादा थोडी सैल करून ‘अप-टू-सेव्हन’ निकष मांडला : सर्वांत मोठ्या गाठीचे सेंटीमीटर आणि गाठींची संख्या मिळून सातपर्यंत. त्यात पाच वर्षांनी ७१.२ टक्के रुग्ण हयात होते, पण हा आकडा एमव्हीआय नसलेल्यांचा. आता गंमत अशी नाही तर पेच असा आहे की एमव्हीआय कळतो जुनं लिव्हर काढून कापल्यावर. निकष ऑपरेशनच्या आधी लावायचा आणि त्यातली अर्धी अट नंतर कळणार. आमच्या क्षेत्रातली इतकी माणसं स्कॅनवरून एमव्हीआय ओळखण्यामागे लागली आहेत त्याचं हे एक मोठं कारण आहे.

निळी_वही

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सर्जननी वेळ दिला. मी प्रश्न लिहूनच नेले होते.

मॉडेल त्यांच्याच हॉस्पिटलच्या सीटीवर बनवलं आहे, बाहेरच्या रुग्णांवर तपासणी चालू आहे असं म्हणाले. बाबांचा सीटी दुसरीकडे काढलेला होता, तोच मॉडेलला दिला गेला. एमआरआय गॅडोक्सेटिक ॲसिडवाला झाला आहे पण त्याचा त्या आकड्याशी संबंध नाही. मी विनंती केल्यावर त्यांच्या रेडिओलॉजिस्टनी एमआरआय आमच्यासमोर पुन्हा उघडला. आर्टेरियल फेजमध्ये बाहेर उजळ पट्टा नाही. वीस मिनिटांच्या चित्रात काळपट पदरही नाही. पण कड तीन बाजूंनी गुळगुळीत आणि सेगमेंट ७ च्या बाजूला दोन फुगवटे. मी स्वतः पाहिले, दाखवल्यावर अगदी स्पष्ट दिसतात.

लिव्हर चाइल्ड-प्यू ए आहे, म्हणजे त्याचं काम चांगलं चालू आहे, प्लेटलेट चांगल्या आहेत. सर्जन आता सेगमेंट ६ आणि ७ दोन्ही एकत्र काढायचं म्हणत आहेत. उरणारं लिव्हर पुरेसं आहे असं मोजून दाखवलं. हे त्या आकड्यामुळे जास्तीचं ऑपरेशन तर होत नाहीये ना?

बाबांना शंभर जणांचा हिशेब कागदावर करून दाखवला. त्यांनी पेन घेऊन स्वतः एकदा केला. रात्री नीट जेवले.

सावलीवाचक

नाही, मला ते जास्तीचं वाटत नाही, आणि कारण आकडा नाही, ते फुगवटे आहेत. बाहेरून आलेल्या सीटीवर त्या मॉडेलने दिलेला ०.७२ मी थोडा बाजूलाच ठेवला असता. पण कड सेगमेंट ७ च्या दिशेला फुगलेली आहे, आणि दोन सेंटीमीटर मार्जिन घ्यायचं म्हटलं तर सर्जनला तसंही ७ मध्ये शिरावं लागणार. अर्धा कापून त्याचा रक्तपुरवठा धोक्यात आणण्यापेक्षा दोन्ही सेगमेंट त्यांच्या पोर्टल फांदीसकट काढणं हे सरळ काम आहे. चाइल्ड-प्यू ए, प्लेटलेट चांगल्या, उरणारं लिव्हर मोजलेलं. हे तिन्ही नसते तर मी ‘पुन्हा विचारा’ म्हटलं असतं.

बाकी दोन खुणा नाहीत हेही बाबांना सांगा, ते त्यांच्या बाजूचं आहे. आणि एमआरआयची तारीख बघून घ्या. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत तो महिन्याहून जुना होणार असेल तर नवा काढायचा का, हे सर्जनना विचारा. कड बदलते.

स्लाइडखाली

फॉर्मवर ती ओळ लिहून घ्यायला विसरू नका, आणि शक्य असेल तर ‘सेगमेंट ७ कडची कड’ असा उल्लेखही असू द्या. सर्जननी त्या बाजूला नुसता एक टाका घालून खूण केली तरी आम्हाला नेमकी जागा सापडते. रिपोर्ट आला की त्यात एम०, एम१ की एम२ हे लिहिलंय का आणि मार्जिन किती मिलिमीटर मोकळं आहे ते बघा. नुसतं ‘मार्जिन फ्री’ लिहिलं असेल तर आकडा मागून घ्या.